दातांची झीज मोजायला तोंडातला स्कॅनर पुरेसा आहे का?

दंतिका (धागाकर्ती)
माझं मत सरळ सांगते. झिजेवर लक्ष ठेवायला आता तोंडातला स्कॅनरच वापरावा; इम्प्रेशन (दातांचा मऊ साचा) घेणं, त्यात प्लॅस्टर ओतणं हे सगळं बंद करावं. नजरेनं गुण देण्याची २००८ सालची बेवे पद्धत आपण सगळेच वापरतो, पण तिच्यात ० ते ३ एवढ्याच पायऱ्या. निम्म्याहून कमी पृष्ठभाग गेला तर २, निम्मा किंवा जास्त गेला तर ३. पायरी बदलेपर्यंत बरंच इनॅमल (दाताचं कठीण आवरण) गेलेलं असतं आणि ते परत येत नाही. स्कॅन काही मिनिटांत होतो, रुग्णाला उमासे येत नाहीत. वर्षाने पुन्हा घ्या, दोन्ही एकावर एक ठेवा, झीज समोर.

साचेकार
मी लॅबमध्ये मॉडेल बनवतो, म्हणून शेवटच्या वाक्याला आक्षेप. १९८९ च्या एका अभ्यासात दाढांच्या चावण्याच्या जागी इनॅमलची झीज वर्षाला साधारण २९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली होती, उपदाढांची १५. केसाची जाडी ७० च्या आसपास धरा. म्हणजे वर्षभराची झीज अर्ध्या केसाइतकीही नाही, आणि तोंडातल्या स्कॅनरची स्वतःची चूकच दहा-वीस मायक्रॉनच्या घरात, अख्खी कमान, म्हणजे एका जबड्यातली सगळी दातांची रांग, घेतली तर त्याहून बरीच जास्त. त्यात लाळेचा थर, हलणारी जीभ, आणि इनॅमल चकाकतं, प्रकाश थोडा आतही शिरतो. चांगलं सिलिकॉन इम्प्रेशन घेऊन त्यावरून केलेलं प्लॅस्टरचं मॉडेल टेबलावरच्या स्कॅनरने मोजलं तर हे फारसं आड येत नाही.

दंतिका
पण दादा, प्लॅस्टर घट्ट होताना फुगतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इम्प्रेशनमध्ये बुडबुडा राहिला की दाढेच्या टोकावर गोळी येते, ती खरवडताना टोकही जातं. शिवाय अख्ख्या कमानीची चूक एका दाताच्या मापाला लावू नका. झीज आपण दातागणिक बघतो.

खडूफळा
तुम्ही दोघं यंत्रावरून भांडताय. मला मोठी गडबड जुळवणीत दिसते. बहुतेक सॉफ्टवेअर दोन स्कॅन ‘बेस्ट फिट’ने बसवतात, म्हणजे एकूण फरक कमीत कमी होईल असे. मग झिजलेला दात थोडा वर उचलला जातो, न झिजलेली बाजू वाढल्यासारखी दिसते आणि झीज आहे त्यापेक्षा कमी दिसते. उपाय म्हणजे न झिजलेला भाग आधी हाताने निवडायचा आणि फक्त तोच जुळवायचा. तोही प्रत्येक दाताचा वेगळा, कारण दात सरकतात. मात्र आम्लपित्ताच्या रुग्णात वरच्या पटाशीच्या दातांची टाळूकडची बाजूच झिजलेली असते, तिथे तीच आधाराला घेतली तर सगळं माप वाया.

रात्रजागा
मी रुग्ण आहे, झोपेत दात खातो. दोन स्कॅनचा रंगीत नकाशा मला दाखवला. खालच्या उजव्या दाढेचं एक टोक लाल, म्हणजे झिजलेलं. त्याच दाढेचा गालाकडचा उतार निळा, म्हणजे ४० मायक्रॉन वाढलेला. दात वाढला कसा, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तिकडे लक्ष देऊ नका.’ रात्री घालायची पट्टी या नकाशावरूनच सुचवली होती, त्यामुळे मला ते पटलं नाही.

खडूफळा
लक्ष तिकडेच द्यायला हवं होतं! इनॅमल वाढत नाही. नवं फिलिंग किंवा दातावर किटण नसेल तर तो निळा रंग म्हणजे त्या मापाची चूक. निळा ४० असेल तर ४० पर्यंतच्या लालवर विश्वास ठेवू नका. तुमचं लाल किती होतं?

रात्रजागा
३५.

साचेकार
मग त्या नकाशावरून झीज झाली असंही म्हणता येत नाही आणि झाली नाही असंही नाही. दंतिकाताई, एका वर्षात दुसरा स्कॅन घेऊन निष्कर्ष काढण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच.

दंतिका
वर्षाचं अंतर कमी पडतं, हे मान्य. तीन वर्षं थांबू. पण पहिला स्कॅन आजच घ्यायला हवा, आणि तो तोंडातलाच. रात्रजागा, त्या दोन्ही फाइल मागून घ्या आणि त्या दाढेची जुळवणी गालाकडच्या न झिजलेल्या भागावरून पुन्हा करून मागा.