स्कूलबससाठी फोक्सवॅगनच्या दंडाचे पैसे मिळतात का?

मीनल_शिकागो
नमस्कार. आम्ही शिकागोजवळ राहतो. लेक दुसरीत आहे, तिला दमा आहे. सकाळी बस कोपऱ्यावर थांबते आणि सगळी मुलं चढेपर्यंत मागून काळा धूर येत राहतो. लेक मफलरमध्ये नाक खुपसून उभी असते. शाळेच्या बैठकीत इलेक्ट्रिक बसचं विचारलं, तर म्हणाले, "बस कंत्राटदाराच्या आहेत, खासगी गाड्यांना दंडातलं अनुदान मिळत नाही." हे खरं आहे का?

डेपोतला_दादा
ताई, खरं नाही. मी ओहायोत स्कूलबस डेपोत मेकॅनिक आहे. सरकारी शाळेशी करार असलेल्या खासगी बसलाही नव्या गाडीच्या पूर्ण किमतीपर्यंत अनुदान देता येतं. किती द्यायचं ते राज्य ठरवतं.

फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत फसवणूक केली होती. त्याबद्दल अमेरिकी सरकारशी 2016 मध्ये झालेल्या तडजोडीत दोन रकमा होत्या. 2 अब्ज डॉलर कंपनीनेच इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग वगैरेवर घालायचे होते, त्यातून इलेक्ट्रिफाय अमेरिका ही चार्जिंग कंपनी उभी राहिली. दुसरी रक्कम म्हणजे सुमारे 2.9 अब्जांचा ट्रस्ट. तो राज्यांना वाटला, जिथे फोक्सवॅगनच्या त्या सदोष गाड्या जास्त तिथे जास्त. तुमच्या इलिनॉयला सुमारे 10 कोटी 87 लाख डॉलर मिळाले. त्यातले किती उरलेत ते राज्याच्या पर्यावरण खात्याला विचारा. अर्ज मात्र शाळेने किंवा कंत्राटदारानेच करायचा असतो.

तुम्हाला दिसते ती काजळी. दंड झाला नायट्रोजन ऑक्साइडसाठी, तो डोळ्यांना दिसत नाही, पण दम्याला तोही वाईट. फोक्सवॅगनच्या त्या गाड्या तो मर्यादेच्या 40 पटींपर्यंत सोडत होत्या. हवेत गेलेला वायू परत आणता येत नाही, म्हणून तेवढाच दुसरीकडे कमी करायचा, यासाठी हा ट्रस्ट.

एक अट मला फार पटते. जुनी बस कायमची मोडावी लागते: इंजिनच्या ब्लॉकला 3 इंचांचं भोक पाडायचं आणि चासी कापायची. नाहीतर तीच बस विकली जाऊन दुसऱ्या गावातल्या पोरांसमोर धूर सोडत उभी राहील. शिवाय इंजिन साधारण 2009 किंवा त्याआधीचं लागतं. बसचं साल आणि इंजिनचं साल वेगळं असू शकतं, म्हणून इंजिनवरची पाटीच बघायला सांगा.

कोथरूडकर
आपल्याकडे भारतात 2015 मध्ये इथल्याच, पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर फोक्सवॅगनच्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. मार्च 2019 मध्ये हरित लवादाने कंपनीला 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. त्या पैशातून आमच्या पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या किती जुन्या डिझेल बस निघाल्या असत्या, हे रोज स्टॉपवर उभं राहताना मनात येतं.

मीनल_शिकागो
दादा, मनापासून आभार. आज ड्रायव्हरकाकांना विनंती केली, त्यांनी डेपोत पाटी बघून सांगितलं: 2008. मंगळवारी बैठक आहे. अर्ज कोण करणार, तेवढं विचारून येते.