मदत हवी आहे: पाटणादेवीच्या वाटेवरची छत्री (अळंबी), क्लोरोफायलम वंशातली की मॅक्रोलेपिओटा?

चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या रस्त्याकडेला गवतात उगवली आहे. टोपी १४ सेंमी, पांढरी, मधोमध तपकिरी खवले. देठावर वर-खाली सरकणारं कडं. देठ गुळगुळीत, सापाच्या कातीसारखी नक्षी नाही. वारुळावरची नव्हे: बुड उकरून पाहिलं, खोल जाणारं मूळ नाही, देठ जरा फुगून तिथंच संपतो. कल्ले (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) अजून पांढरे.

बीजाणूंचा ठसा घ्यायला टोपी अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर ठेवून वर वाटी पालथी घातली, रात्रभर. ठसा इतका फिका की मळकट पांढरा म्हणावा की हिरवट, ठरत नाही. टोपी पावसानं भिजलेली होती, तेही धरा. सूक्ष्मदर्शक नाही. खायची अजिबात नाही, फक्त नोंद करायची आहे.

कोवळ्या क्लोरोफायलम मोलिब्डायटिसचा ठसा (एरवी हिरवट; मॅक्रोलेपिओटाचा पांढरा) असा फिका येतो का? आणि दुसरी टोपी कोणत्या अवस्थेतली काढू?