मदत हवी आहे : जागतिक रॅकेटबॉल स्पर्धेतील पुरुष एकेरीचे सर्व विजेते एकाच तक्त्यात मांडावेत का?

नमस्कार मंडळी,

मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात राहतो. येथील मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी रॅकेटबॉलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुष एकेरी या विषयावर लेख लिहीत आहे. २०१४ची स्पर्धा याच प्रांतातील बर्लिंग्टन येथे झाली होती, त्यामुळे संपादकांनी हा विषय उत्साहाने स्वीकारला आणि लेखासोबत विजेत्यांचा तक्ताही मागितला. लेख जवळजवळ पूर्ण झाला आहे; घोडे अडले आहे ते त्या तक्त्यापाशी. जाणकारांनी, विशेषतः स्वतः खेळणाऱ्यांनी किंवा पंचगिरी केलेल्यांनी, मार्गदर्शन करावे ही विनंती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोर्ट ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि २० फूट उंच असते. चारही भिंती खेळात असतात आणि छतही असते. रबरी चेंडूचा व्यास सव्वादोन इंच आणि रॅकेटची लांबी जास्तीत जास्त २२ इंच. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते व तिला चेंडू लागला की रॅली संपते. रॅकेटबॉलमध्ये अशी पट्टीच नाही. त्यामुळे भिंतीच्या अगदी पायथ्याशी मारलेला चेंडू उसळतच नाही, जमिनीवरून सरपटत येतो, आणि त्याला जगात कोणाकडेही उत्तर नसते. सर्व्हिस करणारा समोरच्या भिंतीपासून १५ आणि २० फुटांवरील रेषांच्या मधून सर्व्हिस करतो, म्हणजे कोर्टाच्या मध्यभागावर पहिला ताबा त्याचाच असतो. सर्व्हिस जोरदार पडली आणि प्रतिस्पर्ध्याचा परतीचा फटका किंचित उंच राहिला, तर पुढच्याच फटक्यात रॅली संपते. सर्व्हिसचे हे वजन लक्षात ठेवावे, कारण माझा प्रश्न त्याच्याशीच निगडित आहे.

पुरुष एकेरीचा इतिहास १९८१पासून सुरू होतो. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पहिल्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरील खेळांच्या जागतिक स्पर्धांमध्ये) अमेरिकेचा एड अँड्र्यूज विजेता ठरला. १९८४मध्ये कॅनडाच्या रॉस हार्वेने अमेरिकेबाहेर पहिल्यांदा हे पद नेले. पुढे १९८६ आणि १९९० अशी दोन विजेतेपदे हवाईच्या एगन इनोएने मिळवली, तर विनिपेगच्या शर्मन ग्रीनफेल्डने १९९४ आणि १९९८मध्ये. २०००मध्ये सान लुइस पोतोसी येथे, म्हणजे स्वतःच्या देशात, आल्वारो बेल्त्रानने मेक्सिकोला पहिले विजेतेपद मिळवून दिले. २००२मध्ये अमेरिकेचा जॅक हूचेक जिंकला. त्यानंतरचा मोठा कालखंड कॅलिफोर्नियाच्या रॉकी कार्सनचा आहे : २००८ आयर्लंड, २०१० सोल, २०१२ सांतो दोमिंगो, २०१४ बर्लिंग्टन आणि २०१६ काली, अशी सलग पाच विजेतेपदे. पहिल्या वेळी तो २९ वर्षांचा होता आणि पाचव्या वेळी ३७. ज्या खेळात पाय आणि प्रतिक्षिप्त क्रिया सर्वांत आधी थकतात, त्या खेळात आठ वर्षे शिखरावर राहणे मला विलक्षण वाटते. २०१८मध्ये कोस्टा रिकातील सान होसे येथे मेक्सिकोच्या रोद्रिगो मोंतोयाने हे पद जिंकले आणि ती मालिका संपली.

आता अडचण सांगतो. या काळाच्या मोठ्या भागात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेतील सामना तीन गेमचा असे. पहिल्या दोन गेम १५ गुणांच्या, बरोबरी झाल्यास तिसरी ११ची, आणि गुण मिळे तो फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. २०२२पासून महासंघाने ही पद्धत बदलली. आता पाचपैकी तीन गेम जिंकाव्या लागतात, प्रत्येक गेम ११ गुणांची असते, कोणीही रॅली जिंकली तरी त्याला गुण मिळतो आणि गेम दोन गुणांच्या फरकाने जिंकावी लागते. माझ्या मते ही केवळ मोजणीतील सुधारणा नाही. जुन्या पद्धतीत ३-१४ अशा पिछाडीवर असलेल्या खेळाडूला सर्व्हिस मिळाली की प्रतिस्पर्ध्याचा धावफलक गोठत असे. तो सर्व्हिस राखून असेपर्यंत समोरच्याला शेवटचा गुण मिळूच शकत नसे. नव्या पद्धतीत ३-१० अशी पिछाडी असेल, तर एक चूक झाली की गेम संपते. म्हणजे दोन्ही काळांतील विजेत्याकडून मागितलेला संयम वेगळा आहे. असे असताना कार्सनची पाच विजेतेपदे आणि २०२२नंतरची विजेतेपदे एकाखाली एक मांडून ‘सर्वाधिक विजेतेपदे’ असा रकाना करणे योग्य ठरेल का?

याला जोडून दुसरी शंका. स्पर्धेच्या आरंभी खेळाडूंना तीन-चारच्या गटांत विभागून साखळी सामने खेळवतात आणि त्या निकालांवरून बाद फेरीतील क्रमवारी ठरवतात. बाद फेरीत सर्वांनाच जायचे असेल, तर गटातील पराभवाला लेखात कितपत महत्त्व द्यावे? आमच्या संपादकांना प्रत्येक विजेत्यापुढे ‘अपराजित’ किंवा ‘एक पराभव’ अशी नोंद हवी आहे आणि मला ती दिशाभूल करणारी वाटते.

काही वाचक स्क्वॉश ५७चा दाखला देतील म्हणून आधीच नमूद करतो की तो स्क्वॉशच्या कोर्टवर खेळला जाणारा वेगळा खेळ आहे. येथे त्याची चर्चा अपेक्षित नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

विषय नेमका मांडला आहे. मी पुण्यात अनेक वर्षे बॅडमिंटन खेळलो आणि नंतर टेक्सासमध्ये रॅकेटबॉलकडे वळलो, त्यामुळे हे स्थित्यंतर दोनदा अनुभवले आहे. आपल्या वाचकांना समजावण्यासाठी बॅडमिंटनचे उदाहरण पुरेसे आहे. प्रकाश पदुकोण यांनी १९८०मध्ये लिम स्वी किंग यांना १५-३, १५-१० असे हरवून ऑल इंग्लंड जिंकली आणि गोपीचंद यांनी २००१मध्ये चेन हाँग यांना १५-१२, १५-६ असे हरवले. हे दोन्ही सामने सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण देणाऱ्या पद्धतीचे होते. २००६मध्ये बॅडमिंटनने २१ गुणांची रॅली पद्धत स्वीकारली. त्यानंतर कोणी ऑल इंग्लंडच्या विजेत्यांची यादी तोडून दोन केल्या नाहीत, आणि तेच योग्य झाले. विजेतेपद हे त्या वर्षी हजर असलेल्या सर्वांना हरवल्याबद्दल मिळते, आणि नियम त्या सर्वांना सारखेच असतात.

मात्र ‘फरक नाही’ असेही म्हणता येणार नाही. थोडे गणित करून पाहावे. सर्व्हिस करणारा साधारण निम्म्या रॅली जिंकतो असे धरले, तर जुन्या पद्धतीत १५-१० अशा गेमसाठी, म्हणजे २५ गुणांसाठी, सुमारे ५० रॅली खेळाव्या लागत. सरळ दोन गेममध्ये संपलेला सामनाही शंभराच्या आसपास रॅलींचा होई. नव्या पद्धतीत ११-८ अशी गेम १९ रॅलींत संपते. चार गेमचा सामना ७६ रॅलींचा झाला. प्रत्यक्षात उत्तम खेळाडू आपल्या सर्व्हिसवर निम्म्याहून अधिक रॅली जिंकतात, त्यामुळे जुन्या पद्धतीचा आकडा थोडा खाली येईल, पण दिशा बदलत नाही. रॅली जितक्या अधिक, तितकी दुबळ्या खेळाडूची नशिबावर जिंकण्याची शक्यता कमी. या दृष्टीने जुनी पद्धत अव्वल खेळाडूला किंचित अनुकूल होती असे माझे मत आहे. उलट, तिसरी गेम ११ची असल्यामुळे एखाद्या जोरदार सर्व्हिसवाल्याने शेवटच्या टप्प्यात सामना हिरावून नेण्याचा धोकाही त्याच पद्धतीत होता.

आयोजकांच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या स्पर्धेत अनेक खेळाडू एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळतात. बिनगुणांच्या रॅलींमुळे सामना किती चालेल याचा अंदाज बांधणे कठीण जात असे आणि दुपारचा सामना लांबला की संध्याकाळची दुहेरीची जोडी दमलेली उतरत असे. नव्या पद्धतीचा मोठा लाभ वेळापत्रकाला झाला आहे. तो लेखात एका वाक्यात तरी यावा.

प्रतिसाद २

गटसाखळीबाबत आपली शंका रास्त आहे. मी क्लब पातळीवर पंचगिरी करतो, त्या अनुभवावरून सांगतो. जागतिक स्पर्धेत एका देशाचे दोन खेळाडू एकेरीत उतरू शकतात आणि अनेक देशांच्या खेळाडूंची एरवी एकमेकांशी गाठच पडत नाही. दक्षिण कोरियाचा खेळाडू आणि बोलिव्हियाचा खेळाडू यांच्यात कोण वरचढ, हे कागदावर ठरवणे अशक्य असते. गटसाखळी हे काम करते. गटात हरलेला खेळाडू स्पर्धेबाहेर जात नाही, पण बाद फेरीत त्याची वाट अवघड होते. उपांत्यपूर्व फेरीतच अव्वल मानांकिताशी सामना पडणे ही त्या एका पराभवाची खरी किंमत असते. म्हणून ‘अपराजित’ हा रकाना ठेवू नये. त्याऐवजी विजेत्याने बाद फेरीत कोणाकोणाला हरवले ते द्यावे. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते, हेही सांगावे, अन्यथा वाचक तिसऱ्या क्रमांकाचा सामना शोधत बसतील.

आणखी एक मुद्दा, जो मला गुणपद्धतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आपल्या यादीत केन वॅसेलनचकचे नाव नाही. एडमंटनच्या या डावखुऱ्या खेळाडूने पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेत दहापेक्षा अधिक वेळा वर्षअखेरचे अग्रस्थान मिळवले आणि अनेक जण त्याला या खेळातील सर्वश्रेष्ठ मानतात. जागतिक स्पर्धा मात्र राष्ट्रीय संघांची असते. अमेरिकेत तर आधी राष्ट्रीय एकेरी स्पर्धेतून संघात स्थान मिळवावे लागते. त्यामुळे ही यादी ‘त्या वर्षीचा जगातील सर्वोत्तम खेळाडू’ सांगत नाही. देशाच्या संघातून येऊन जिंकलेला सर्वोत्तम खेळाडू सांगते. कार्सनचे मोल याने कमी होत नाही, कारण त्याला प्रत्येक वेळी आधी मायदेशातील चाळणीतून जावे लागले. पण ‘सर्वाधिक विजेतेपदे’ या रकान्याखाली ही तळटीप असणे आवश्यक आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गोपीचंद यांचा दाखला वाचकांना लगेच उमजेल, म्हणून तो घेत आहे. तक्ता एकच ठेवीन आणि २०१८ व त्यानंतरची स्पर्धा यांमध्ये एक आडवी रेघ ओढून खाली गुणपद्धतीचा बदल नोंदवीन. २०२०ची स्पर्धा महामारीमुळे २०२१मध्ये ग्वाटेमाला सिटी येथे झाली, तेव्हा रेघ तिच्यानंतर ओढणे अधिक बरोबर होईल. ‘अपराजित’ रकाना काढून टाकण्याबाबत संपादकांशी बोलतो.

पंचगिरी करणाऱ्या सदस्यांना एकच पुरवणी प्रश्न : अडथळ्याच्या निर्णयांविषयी लिहिताना, रॅली पुन्हा खेळवणारा अडथळा आणि रॅली गमवायला लावणारा अडथळा यांतील सीमारेषा वाचकांना कशी सांगावी?

प्रतिसाद २

स्क्वॉश पाहणाऱ्यांना ‘लेट’ (रॅली पुन्हा) आणि ‘स्ट्रोक’ (रॅली अडवणाऱ्याच्या विरोधात) ठाऊक असतात. तेथून सुरुवात करावी. फटका मारणाऱ्याला समोरच्या भिंतीकडे सरळ, तसेच तिरका फटका मारण्याची मोकळी वाट मिळायला हवी. अनवधानाने, कोणाचाही लाभ न होता वाट अडली, तर रॅली पुन्हा. पण समोरच्याचा जिंकणारा फटका अडवला गेला असेल, तर हेतू असो वा नसो, रॅली अडवणाऱ्याच्या विरोधात जाते. नव्या गुणपद्धतीत याचे वजन वाढले आहे, कारण पूर्वी सर्व्हिस करणाऱ्याच्या विरोधात असा निर्णय गेला की त्याची फक्त सर्व्हिस जात असे. आता सर्व्हिसही जाते आणि प्रतिस्पर्ध्याला गुणही मिळतो. माझ्या अनुभवात १०-१० असताना पंचाशी होणारे वाद बहुतेक याच निर्णयावरून होतात.