मदत हवी आहे: तीन वंशांचं ४००० वर्षांचं वैर, प्राचीन इतिहास जुळत नाहीये (अर्जंट)

धूमकेतू७
नमस्कार मंडळी, डोकं पार आउट झालंय म्हणून इथे टाकतोय. माझ्या जगाचा प्राचीन इतिहास काही केल्या बसत नाहीये. तीन वंश आहेत, निहार, खनक आणि माणसं. ४००० वर्षांपूर्वी महासंगर झाला, त्यात ऊर्ण नावाचा चौथा वंश नष्ट झाला, तेव्हापासून उरलेले तिघं एकमेकांच्या जिवावर उठलेत. आणि ऊर्णांना नेमकं कोणी संपवलं हे कोणालाच माहीत नाही, तेच मेन रहस्य आहे. पण काहीही लिहिलं की कुठेतरी फाटतंच. परवापर्यंत हवंय. प्लीज 'आधी अमुक वाच' असले सल्ले नकोत, वाचून झालंय सगळं, थेट उपाय सांगा.

पाटीपेन्सिल
फाटतं म्हणजे कुठे फाटतं? कादंबरी आहे का गेम? परवा काय आहे? काहीच न सांगता उपाय कसा सांगायचा रे.

निशाचर४२
जादू आहे ना जगात? मग कशाला एवढा ताप. विस्मरणाचा शाप टाक, सगळ्यांच्या आठवणी गेल्या, विषय संपला. माझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे लांब चालणाऱ्या खेळात, मी हेच केलं होतं, एकाही प्लेअरने हूं की चूं केलं नाही.

खडूस_संपादक
हूं की चूं केलं नाही कारण ते मोबाइल बघत बसले असणार. शाप टाकला की पुरावाच उरत नाही, मग प्लेअर शोधणार काय, कपाळ?

नकाशावाला
आधी मॅप टाक. मी हे प्रत्येक धाग्यावर सांगतो आणि लोक वैतागतात, पण वैर काही हवेत पिकत नाही, जमीन, पाणी, घाट, खाण यातलं काहीतरी मुळाशी असतंच. लगश आणि उम्मा ही सुमेरमधली, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधली दोन शेजारी शहरं, इ.स.पू. २५०० च्या आगेमागे गुएदेना नावाच्या एका सुपीक पट्ट्यावरून आणि कालव्याच्या पाण्यावरून भांडायला लागली ती पिढ्यानपिढ्या भांडतच राहिली. किशच्या मेसिलिम राजाने मधे पडून हद्दीचा दगड रोवून दिला, उम्माने तो उखडला, पुढे लगशच्या एअन्नातुमने त्यांना झोडपलं आणि विजयाची शिळा कोरून घेतली, तिच्यावर गिधाडं मेलेल्यांची मुंडकी चोचीत घेऊन उडतायत. आणि एवढं सगळं कोणाच्या नावावर? तर देवाच्या. शेत आमच्या निंगिर्सू देवाचं, तुम्ही बळकावलंत. तर तुझ्या तिघांचं शेत कुठलं ते सांग, नुसतं 'प्राचीन वैर' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

धूमकेतू७
मॅप आहे हो पण प्रश्न मॅपचा नाहीये. आणि गेमच आहे, टेबलाभोवती बसून पात्रं होऊन खेळतात तो, कादंबरी कोण लिहितंय आजकाल. परवा पहिलं सेशन आहे. फाटतं म्हणजे असं की कोणीतरी प्लेअर हमखास विचारणार, 'पण मग त्यांना माहीत कसं नाही?' आणि माझ्याकडे उत्तर नाही.

शंकासुर
निहार किती वर्षं जगतात?

धूमकेतू७
९००. एल्फ टाइप आहेत, परीकथेतल्या दीर्घायुषी लोकांसारखे, उघड आहे ना ते. त्याचा इथे काय संबंध?

शंकासुर
सगळा संबंध तिथेच आहे राव!! ४००० भागिले ९००, साडेचार आयुष्यंसुद्धा भरत नाहीत. आजच्या म्हाताऱ्या निहाराने लहानपणी एका म्हाताऱ्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या लहानपणी दुसऱ्याकडून, अशी पाच तोंडं मोजली की पाचवा स्वतः महासंगरात हजर होता. ७० वर्षं जगणाऱ्या माणसांच्या हिशोबात हे ३०० वर्षांच्या आसपास पडतं. ३०० वर्षांपूर्वी एक अख्खा वंश कोणी कापून काढला हे कोणालाच आठवत नाही असं कसं चालेल? तुझं भोक हे आहे. बाकीची भोकं यातूनच पडतायत.

विटांचा_ढीग
भागाकार बरोबर, निष्कर्ष पटला नाही. निनेवे म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या असिरिया साम्राज्याची राजधानी, त्या काळातलं भलंमोठं शहर, इ.स.पू. ६१२ मध्ये इराणकडच्या मीड आणि बॅबिलोनियन लोकांनी मिळून ते पाडलं. इ.स.पू. ४०१ मध्ये झेनोफॉन हा ग्रीक माणूस आपल्या भाडोत्री सैन्याबरोबर त्याच्या पडक्या तटाजवळून गेला. गड्याने तट किती उंच, किती रुंद, पायाला कसला दगड हे सगळं लिहून ठेवलंय, पण असिरियाचं नाव कुठे नाही. इथे पूर्वी मीड लोक राहायचे असं लिहितो. म्हणजे ज्यांनी पाडलं त्यांच्याच नावावर शहर! आणि मधे गेली फक्त २११ वर्षं. तेव्हा ३०० वर्षांत विसरणं अजिबात अशक्य नाही, फक्त विसरतात कसं ते नीट दाखवायला लागतं.

शंकासुर
झेनोफॉन परका होता, वाटसरू. इथे निहारांना निहारच सांगणार आहेत, आजोबा नातवाला सांगणार. शिवाय लिखाणाचं काय? निहार लिहितात का?

धूमकेतू७
हो, लिहितात म्हणजे काय, त्यांचं प्रचंड मोठं ग्रंथालय होतं.

खडूस_संपादक
आणि ते हा आत्ता सांगतोय.

धूमकेतू७
होतं म्हटलं ना. महासंगरात जळालं.

शंकासुर
जळणारच. ज्या जगात लेखकाला अडचण होते त्या जगातलं ग्रंथालय जळतंच.

विटांचा_ढीग
जळू दे की, जळण्यातच तर गंमत आहे. निनेवेतला असुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह शहर पेटलं तेव्हाच गाडला गेला, पण पाट्या मातीच्या होत्या, आगीत भाजून अजून पक्क्या झाल्या. आज ३०००० च्या वर पाट्या आणि तुकडे आहेत त्यातले. तर तुझ्या निहारांचं लिखाण झाडाच्या सालीवर ठेव, ते सगळं गेलं. ऊर्ण मातीवर लिहायचे, त्यांचं सगळं राहिलं. पण ऊर्णांची लिपी आज कोणाला वाचता येत नाही. पुरावा आहे आणि नाहीही. पहिल्या सेशनला प्लेअरच्या हातात एक भाजलेली पाटी दे, कडेला बोटांचे ठसे उमटलेले, एक कोपरा काळा पडलेला, बास.

निशाचर४२
म्हणजे शापच झाला ना शेवटी, फक्त लांबचा रस्ता.

खडूस_संपादक
नाही झाला. पाटी कोणीतरी कधीतरी वाचू शकतं. शाप वाचता येत नाही.

लोहारकाम
धागा वरवर वाचला. खनक कुठली हत्यारं वापरतात?

धूमकेतू७
पोलादी तलवारी, जाड कुऱ्हाडी. महासंगरातही तेच होतं, खनक पोलादासाठीच प्रसिद्ध आहेत. पण प्रश्न हत्यारांचा नाहीये!!

लोहारकाम
आहे. ४००० वर्षांपूर्वीही पोलाद आणि आजही पोलाद, मग मधल्या काळात खनक काय घोरत होते? महासंगर कांस्यात कर. कांस्य म्हणजे तांबं आणि साधारण दहा टक्के कथील, आणि ही दोन्ही एकाच जागी क्वचित सापडतात, म्हणजे दुसऱ्याशी व्यापार केल्याशिवाय हत्यारच होत नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरूनला एक बुडालेलं जहाज सापडलंय, इ.स.पू. १४ व्या शतकाच्या शेवटचं, त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील, म्हणजे बरोब्बर कांस्याचंच प्रमाण. आता तुझ्या जगात बघ, तांबं खनकांकडे आणि कथील ऊर्णांच्या डोंगरात असेल तर? चौघंही एकमेकांवर अवलंबून. ऊर्ण गेले, कथील बंद झालं, आणि जिंकलेल्यांचीच हत्यारं संपली. पोलाद खनकांनी पुढे नाइलाजाने शोधलं. हे घे, फुकट.

नकाशावाला
हेच मी पहिल्यापासून सांगतोय, खाण कुठे आहे ते मॅपवर दाखव.

अमृतघट
एवढं बाहेर कशाला जाताय, आपल्या पुराणांत सगळं आहे. देव अदितीचे, दैत्य दितीचे, बाप एकच कश्यप. सावत्र भावांचं भांडण आहे ते. समुद्रमंथन दोघांनी मिळून केलं आणि वाटणीच्या वेळी बिनसलं. तुझे चारही वंश एका बापाचे कर आणि वाटणी कसली झाली ते ठरव, पुढचं आपोआप सुटेल. बाकी सध्याची पोरं हे वाचतच नाहीत ते वेगळं.

खडूस_संपादक
शेवटचं वाक्य वगळता चांगला प्रतिसाद.

अमृतघट
शेवटचं वाक्यच खरं होतं.

शंकासुर
मूळ मुद्दा सोडू नका हो. आणि ४००० वर्षं सलग युद्ध हेही चालणार नाही. रोम आणि इराण इ.स.पू. ५४ च्या सुमारास भिडले ते इ.स. ६२८ पर्यंत, धरून चाला ६८० वर्षं, आणि त्यातही मोठमोठे काळ तहात, व्यापारात, नुसतं हद्दीवर डोळे वटारण्यात गेले. शेवटी दोघंही इतके पिचले की थोड्याच वर्षांत अरबांनी इराण पूर्ण घेतलं आणि रोमकडून सीरिया, इजिप्त काढून घेतलं. तुझे तिघं ४००० वर्षं रोज लढतायत तर पेरणी कोण करतंय?

धूमकेतू७
रोज लढतात असं मी कुठे म्हटलं? 'जिवावर उठलेत' म्हणजे वैर आहे. मधे तह आहेतच की, तीन मोठे तह आहेत, लिहिलेले आहेत माझ्याकडे.

पाटीपेन्सिल
तह आहेत!! अरे मग सुटलंच की, आधी का नाही बोललास. कादेशची लढाई घे, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातले हित्ती, इ.स.पू. १२७४ च्या सुमारास. रामसेसने देवळाच्या भिंतींवर आपण एकट्याने शत्रू लोळवला असं कोरून ठेवलं, प्रत्यक्षात कादेश हित्तींकडेच राहिलं. पुढे पंधराएक वर्षांनी तह झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आज आहेत. इजिप्तवाले म्हणतात हित्ती तह मागायला आले, हित्ती म्हणतात इजिप्त आलं. एकच कागद, दोघंही जिंकलेले. तर 'कोणालाच माहीत नाही' हे वाक्यच काढून टाक. सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येकाला पक्कं माहीत आहे, फक्त तिघांचं वेगवेगळं आहे. निहार ठामपणे सांगतात खनकांनी मारलं, खनक सांगतात माणसांनी, माणसांची तर पंधरावीस घराणी आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं. 'मग त्यांना माहीत कसं नाही' हा प्रश्नच येणार नाही.

शंकासुर
हे चालेल. फक्त निहारांचा पाचवा, प्रत्यक्ष बघितलेला, त्याने खोटं का सांगितलं ते ठरवायला लागेल.

विटांचा_ढीग
किंवा खोटं सांगितलंच नाही. ऊर्ण मेलेच नसतील तर? निअँडरथल ही माणसाची जुनी भावकी सुमारे ४०००० वर्षांपूर्वी संपली असं आपण म्हणतो, पण आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्यांचा एकदोन टक्के डीएनए आहे. कत्तल किती झाली आणि मिसळण किती यावर अजून वाद चालू आहेत. तुझे ऊर्ण हरले, पांगले, आणि माणसांत लग्नं करून मिसळले. निहारांना हे माहीत आहे आणि त्यांच्या दृष्टीने ते मरणच आहे. म्हणून ते 'संपले' म्हणतात, आणि तसं म्हणताना खोटं बोलत नाहीत.

खडूस_संपादक
कत्तल धुऊन काढू नका हां. मिसळले हे उत्तर जिंकणाऱ्यांना फार सोयीचं असतं. मी म्हणेन दोन्ही ठेव. उत्तरेकडे कापले, दक्षिणेकडे मिसळले.

निशाचर४२
आणि एका प्लेअरच्या अंगात ऊर्णांचं रक्त निघतं! हे माझं, कोणी आधी म्हणालं नाही.

लोहारकाम
सगळ्यांच्याच मनात आलं होतं भाऊ.

धूमकेतू७
ओके ओके, हे जमतंय. तीन व्हर्जन, भाजलेली पाटी, कथील. शाप नाही. पण एक अडतंय अजून. पहिल्याच सेशनला प्लेअर निहारांच्या दरबारात जाणार आहेत, तिथे ८७० वर्षांची राणी आहे आणि माझा एक प्लेअर असा आहे की तो नमस्कारसुद्धा न करता विचारणार, ऊर्णांना कोणी मारलं. ती काय बोलेल?

पाटीपेन्सिल
तिला बोलू दे, भरपूर बोलू दे. तिच्या आजीने सांगितलेलं सगळं ती सांगेल. त्या दिवशी वारा कुठून होता, खनकांच्या सेनापतीचा कोणता दात पडलेला होता, कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचं यावरून तह दोन दिवस कसा अडला, जेत्यांनी ऊर्णांची घंटा वितळवली तेव्हा तिच्यातून किती कथील निघालं. बारीकसारीक सगळं, आणि मारणाऱ्याचं नाव मात्र खनक, एका शब्दात, घाईत. प्लेअर हुशार असेल तर त्याला ती घाई खुपेल. नसेल तर तो खनकांना मारायला निघेल, तेही सेशन मजेत जाईल.

शंकासुर
राणी ८७० ची असेल तर तिची आजी महासंगरात नव्हती, हिशोब बघा. ९०० वर्षांत पोरं कधी होतात त्यांना? पाचशेव्या वर्षी झाली असं धरलं तरी आजीचा जन्म १८७० वर्षांपूर्वीचा. तिनेही ऐकीवच सांगितलं.

पाटीपेन्सिल
मग अजूनच छान. ऐकीव गोष्टीतला पडलेला दात जास्त ठळक असतो.

धूमकेतू७
पोरं तीनशेव्या वर्षी होतात. आणि घंटा घेतो, भारी आहे.

बासरीबुवा
दरबाराच्या सीनला बॅकग्राउंडला तंबोरा लावू नका, लोकांना झोप येते. नुसत्या पाण्याचा आवाज लावा, स्पीकर टेबलाखाली ठेवून. व्हॉल्यूम अगदी कमी.

धूमकेतू७
म्युझिकचं कोणी विचारलं?

नकाशावाला
कथिलाचा डोंगर कोणत्या बाजूला ठेवतोयस? राणीचा दरबार नदीच्या वरच्या अंगाला असेल तर खनक तिच्या परवानगीशिवाय धातू खाली नेऊच शकत नाहीत.

धूमकेतू७
खालच्या अंगाला आहे. थांबा. मग दुसरा तह निहारांनी केलाच कशाला असता? टाकतो मॅप, दहा मिनिटं द्या.