घरच्या जुन्या शिराझची स्वतंत्र वाइन: तोडणी, पीएच आणि टाकी

कादवाकाठ:
दिंडोरी तालुक्यात घरचा एक एकर शिराझ (लाल वाइनचं द्राक्ष) आहे. लागवड 2002 ची, डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम केलं ते झाड), 8 बाय 4 फुटांवर, ओलांडा पद्धतीची, म्हणजे खोडावरून तारेवर आडवे हात नेलेली. साधारण 1,360 वेलींपैकी दीडेकशे मेल्या आहेत, काहींचा एकच हात जिवंत आहे. माल 3 टनांच्या आसपास निघतो आणि आजवर मोठ्या टाकीत इतरांच्या मालात मिसळला जातो. आता एक परवानाधारक वायनरी तो वेगळा गाळून बॅरलमध्ये ठेवायला तयार आहे. गेल्या हंगामात 24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पीएच 3.95 आला होता, म्हणजे आम्ल कमी पडलं. बागेत काय बदलावं, आणि वायनरीशी कोणत्या गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात?

ओलांडा:
पीएचचं उत्तर आधी बागेत शोधा. खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीने मणी पाण्यावर येताना (मऊ पडून रंग धरताना) 0-0-50 हे पालाशचं खत सोडत असाल तर ते थांबवा. पानाच्या देठाच्या परीक्षणात पालाश कमी आला तरच द्या, कारण जादा पालाश मण्यात जातो आणि टार्टरिक आम्ल बांधून टाकतो. दुसरं कारण सावली. डॉगरिज जोमात वाढतो, घड पानांच्या गर्दीत राहतो, आणि सावलीतल्या घडाचा पीएच चढतो. मणी सेट झाल्यावर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडून काढा. पश्चिमेची काढलीत तर दुपारच्या उन्हात घड भाजतात.

फळछाटणी सप्टेंबरअखेरीस धरा. फार आधी घेतली की परतीच्या पावसात केवडा हा बुरशीरोग घड खातो, फार उशिरा घेतली की पिकणं मार्चच्या उन्हात जातं आणि आम्ल झपाट्याने उतरतं. भुरी या बुरशीरोगासाठी गंधकाची शेवटची फवारणी तोडणीच्या किमान 35 दिवस आधी. मण्यावर राहिलेलं गंधक आंबवताना सडक्या अंड्याचा वास देतं.

जुन्या बागेची खरी अडचण असमान पिकण्याची आहे. एकहाती अशक्त वेली आधी पिकतात आणि सुकतात, भरलेल्या वेली दहा-बारा दिवस मागे असतात. अशक्त वेलींना आत्ताच रंगीत फीत बांधा, त्यांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये तोडा. नमुना घेताना 200 मणी घ्या: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले, खालचे. नजर आपोआप गोड मण्यांकडे जाते आणि ब्रिक्स खोटा जास्त येतो, म्हणून घड न बघता हात घाला. 23.5 ते 24 ब्रिक्स, बी तपकिरी, पीएच 3.7 च्या खाली असेल तर थांबू नका. शिराझचा मणी एकदा सुरकुतला की नंतर वाढणारा ब्रिक्स म्हणजे फक्त उडालेलं पाणी. तोडणी पहाटे, क्रेटमध्ये 12-15 किलोच माल, नाहीतर खालचे मणी फुटून वाटेतच आंबायला लागतात.

तळघर:
वायनरीला पहिला प्रश्न टाकीच्या मापाचा विचारा. 3 टन माल फोडला की सालीसकट 2,700 ते 3,000 लिटर होतो आणि आंबताना साल वर फुगते, त्यामुळे 3,500 ते 4,000 लिटरची टाकी हवी. दहा हजारांच्या टाकीत तळाला पडलेला माल धड थंडही होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "शेजारचा माल घालून भरून टाकू", आणि स्वतंत्र वाइन तिथेच संपते.

फोडताना टनाला 80 ते 90 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सुकलेले मणी आत साखर सोडतात, म्हणून ब्रिक्स 24 तासांनी पुन्हा मोजा, एक-दोनने वाढलेला दिसेल. आम्ल यीस्ट टाकण्याआधी द्या. ढोबळ हिशेब असा की लिटरला 1 ग्रॅम टार्टरिकने पीएच 0.1 उतरतो. 3.95 वरून 3.65 ला यायला 3 ग्रॅम, म्हणजे 2,000 लिटर रसाला 6 किलो. पण आधी एक लिटर रसावर करून बघाच, पालाश जास्त असेल तर उतार कमी मिळतो.

यीस्ट 100 लिटरला 25 ग्रॅम, दहापट कोमट पाण्यात भिजवून. तापमान 25 ते 28 अंश, दिवसातून तीनदा साल दाबायची. अंड्याचा वास आला तर लगेच हवा देत वाइन दुसऱ्या टाकीत पलटी करा, वाट पाहिली तर तो वास घट्ट बसतो.

दाबून झाल्यावर सुमारे 1,900 लिटर मिळेल. 225 लिटरची आठ बॅरल म्हणजे 1,800. उरलेली 100 लिटर लहान स्टीलच्या डब्यांत काठोकाठ भरून ठेवा, दर पंधरवड्याला बॅरलची तूट त्यातूनच भरायची. करारात हे लिहून घ्या: तूट याच प्लॉटच्या वाइनने भरावी. मॅलोलॅक्टिक (जिवाणूंनी तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं) पूर्ण झाल्याचं कागदी क्रोमॅटोग्राफी या चाचणीने बघितल्याशिवाय गंधक (इथे सल्फर डायऑक्साइड) देऊ नका. पीएच 3.6 ला मोकळं गंधक 35-40 पीपीएम पुरतं, 3.9 ला तेवढ्याच संरक्षणाला दुप्पट लागतं.

कादवाकाठ:
मोकळ्या जागी शेजारच्या वेलीची काडी दाबून रोप करावं का? आणि 24 वर्षांच्या बागेला लेबलवर 'जुन्या वेली' म्हणता येईल?

जुनंखोड:
दाबकलम लवकर फळतं, पण ते स्वमुळावर येतं. खारं पाणी किंवा सूत्रकृमी असतील तर टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटरोप लावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याच बागेच्या काडीचं कलम करा. काडी निवडताना पिकण्याच्या काळात पानं लालसर होऊन कडा खाली वळलेल्या आणि शिरा हिरव्या राहिलेल्या वेली टाळा. तो लीफरोल विषाणू आहे, कलमातून जातो आणि पिठ्या ढेकूण तो पसरवतो. नव्या वेलींचा माल पहिली काही वर्षं या वाइनमध्ये घालू नका.

मेलेला हात कापताना आडव्या कापात तपकिरी पाचर दिसते. पांढरं, स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागे जा आणि खोडावरच्या खालच्या फुटीपासून नवा ओलांडा तयार करा. कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पावसात कापू नका, बुरशी जखमेतूनच शिरते.

वयाबद्दल: ऑस्ट्रेलियातल्या बरोसाने 2009 मध्ये स्वतःची सनद केली, त्यात 'जुनी' वेल 35 वर्षांपासून सुरू होते, पुढे 70, 100 आणि 125 चे टप्पे. फ्रान्समध्येही या शब्दाला कायदेशीर वय नाही. आपल्याकडे वेल वर्षात दोनदा छाटली जाते, पूर्ण विश्रांती मिळत नाही, त्यामुळे 24 वर्षं खरंच मोठी आहेत. तरीही विशेषण न लावता लागवडीचं वर्ष आणि प्लॉटचं नाव छापा, आणि मजकूर छपाईआधी वायनरीकडून तपासून घ्या. '2002 ची लागवड' हे कोणालाही पडताळता येतं.