शेवट आधीच कळला म्हणजे कथा फसली का?

काठावरची:
दिवाळी अंकाला जून-जुलैत कथा पाठवायची तर ती लिहायची मे महिन्यातच. पंखा गरम वारा फेकतोय आणि आपण कथेत आकाशकंदील लावतोय! यंदाची माझी कथा साधी आहे. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, मुलाला विकायची असलेली हापूसची बाग, आणि शेवटी म्हातारा सही करतो. मैत्रीण म्हणाली, "तिसऱ्या पानावरच कळलं, सही करणार ते." तिच्या मते हा दोष. मला नाही पटत. सहीआधी तो चष्मा पुसतो, पेन उठत नाही म्हणून तळहातावर रेघोट्या ओढतो, ते मला दाखवायचं होतं. करेल की नाही या घोरात वाचक असला, तर चष्म्याकडे बघणार कोण? चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचं घर वाहून जाणार हे चार वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. तरी "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे" गाळून बघा, कसा आरडाओरडा होतो ते.

टाचणी:
चिऊ-काऊला मध्ये आणू नका. पोरं ती गोष्ट झोपायला ऐकतात. मी अंक विकत घेतो तो झोपायला नाही. आई वृद्धाश्रमात असली की मुलगा परदेशात असणारच, आणि शेवटी फोन वाजत राहणार. असला शेवट आधी कळतो, कारण लेखकानेच तो दहा ठिकाणी वाचलेला असतो. याला संयम नाही, आळस म्हणतात.

दुपारचा चहा:
शाळेत असताना सुट्टीत वाचनालयातून रहस्यकथा आणायचो. एकदा कुणा महाभागाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'खुनी दिवाणजी'. असा संताप आला! पण पुस्तक बदलून मिळायचं दुसऱ्या दिवशी, म्हणून वाचलं. दिवाणजी दर वेळी अदबीने पानाचं तबक पुढे करायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना नुसतं पान दिसलं असणार.

टाचणी:
म्हणजे मजा त्या पेन्सिलवाल्याने आणली. लेखकाचं काय त्यात?

काठावरची:
बरं, मग 'एकच प्याला' घ्या. १९१९ साली रंगभूमीवर आलं. गडकऱ्यांनी नावातच सगळं सांगून टाकलंय. सुधाकराने पहिला प्याला उचलला की पुढचं दिसायला लागतं. तरी लोक बघत आलेच ना?

टाचणी:
लोक सुधाकराचं काय होतं ते बघायला थोडेच जातात? तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ बघायला जातात.

काठावरची:
अहो, मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय?

दुपारचा चहा:
😀 टाचणीराव, स्वतःलाच टोचून घेतलीत.

टाचणी:
घेतली. पण मग बाईंच्या कथेत तळीराम कुठाय? शेवट लपवायचा नसेल तर वाटेत काहीतरी भरपूर लागतं. नुसता चष्मा पुसून किती पानं निघतील? आणि तो बाग विकणारा मुलगा, तो कसा आहे? तीन पानं वाचून मैत्रिणीला सही कळली. मुलगा कळला का, विचारा.

काठावरची:
विचारलं आत्ता. म्हणाली, "मुलगा? तो फक्त 'बाबा, व्यवहार बघा' म्हणतो ना?" अख्ख्या कथेत त्याला तेवढंच एक वाक्य आहे. शेवटाला हात लावणार नाही. मुलाला मात्र पाऊस लागायच्या आत बोलतं करायला हवं.