मदत हवी आहे: 'रोझारियो + व्हॅम्पायर' मांगा (जपानी चित्रकथा) कुठून सुरू करू?

त्यावरच्या ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकेचे) दोन्ही सीझन (२००८, एकूण २६ भाग) पाहून झाले. विनोद आवडला, पण दर भागात तेच ते चावट प्रसंग बघून कंटाळा आला. चाहते म्हणतात, मांगा पुढे गंभीर होतो, ॲनिमेत ते उतरलंच नाही. म्हणून थेट मांगाच्या 'सीझन २' या दुसऱ्या मालिकेचा पहिला खंड उघडला, तर नायक त्सुकुनेच्या अंगातल्या पिशाच्च-रक्ताचा संदर्भच लागेना! पहिल्या मालिकेचे १० खंड आहेत, सगळे इंग्रजीत विकत घेणं परवडणार नाही, जपानी येत नाही. खलनायक कुयोचं प्रकरण ॲनिमेत पाहिलंय. मग त्याच्या पुढच्या खंडापासून घेतलं तर चालेल, की त्याआधीही मांगात काही वेगळं घडतं? शेवट फोडू नका, फक्त खंड क्रमांक सांगाल का?